दुधाळ निवळी

१

फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमच्या शाळेत चिटपाखरू नसतं. पोरं नदीवर, शिकवणारे समुद्रावर, आणि मी प्रयोगशाळेत. मार्चमध्ये वर्ग भरायच्या आत वर्षभराची द्रावणं करून बाटल्यांत भरून ठेवायची, हे माझं काम. तीस वर्षं तेच करतेय. शिकवणारे पांढरा कोट घालून येतात, मी भरलेली बाटली उचलतात आणि पोरांसमोर रंग बदलून दाखवतात. पोरं टाळ्या वाजवतात. बाटली कुणी भरली, हे विचारायची पद्धत नाही.

यंदाचा फेब्रुवारी माझा शेवटचा. एक मार्चपासून मी निवृत्त. शुक्रवारी सकाळी भाड्याच्या घराची किल्ली मालकिणीच्या हातात ठेवायची आणि दुपारी चारच्या बसने राजधानी मोंतेविदेओ गाठायचं, माझ्या मुलीकडे. रोमिनाला एप्रिलमध्ये बाळ होणार. तिने स्वयंपाकघरामागची खोली माझ्यासाठी रिकामी करून पडदेसुद्धा लावलेत. "आई, या वेळी काही कारण सांगायचं नाही हं," असं तिने फोनवर तीनदा बजावलं. मी कारणं सांगण्यात पटाईत आहे, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

तर सोमवार. सकाळी मोरचुदाचं द्रावण केलं, मग अ‍ॅसिड. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडात कधी नाही, आणि घाई तर मुळीच नाही. प्रत्येक बाटलीवर लेबल लावलं: नाव, तीव्रता, तारीख आणि खाली माझी सही, झुल्मा इरिगोयेन.

अकरा वाजता बाहेरच्या खोलीत आले. प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, म्हणून दाराबाहेर एक टेबल आणि दोन स्टुलं. भोपळ्याच्या छोट्या तुंब्यात 'माते' या आमच्याकडच्या चहाचा कडू पाला भरला, त्यात धातूची नळी खोचली, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. पहिला तुंबा ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा, कारण तो कडूजहर असतो. मी प्यायले. दुसरा भरला आणि नळीचं तोंड पलीकडे करून समोरच्या स्टुलापुढे सरकवला.

समोर कोणीच नव्हतं. असायचं कुणी कारणही नव्हतं.

स्वतःचाच राग आला. सवय मेली जाता जात नाही. एवढ्यात फोन वाजला, रोमिनाच होती, पडद्यांचा रंग सांगत होती. मी खिडकीशी जाऊन दोन मिनिटं बोलले. परत येऊन तुंबा उचलला तर हलका लागला. आत पाणी नव्हतं. नुसता ओला पाला.

नवा पाला पाणी शोषून घेतो. मी तुंबा पुन्हा भरला, स्वतः प्यायले आणि कामाला लागले.

२

ते दुसरं स्टूल बेंतांकोर मास्तरांचं. आदेमार बेंतांकोर. माझ्या आधी द्रावणं तेच करायचे, मला हे काम त्यांनीच शिकवलं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची, नवरा नुकताच सोडून गेलेला, रोमिना कडेवर. "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड, पोरी," म्हणाले होते. "इथे रडलीस तर द्रावण पातळ होईल." आणि मग स्वतःच बाहेर येऊन त्यांनी मला तुंबा भरून दिला होता. पाल्यात नारंगीची वाळलेली साल घालायची त्यांची खोड. मला तो वास आवडायचा. मी स्वतः मात्र कधी घातली नाही, ती त्यांचीच गोष्ट.

निवृत्त झाले तरी दर फेब्रुवारीत यायचे. बायको-पोरं नव्हती. राखाडी कोट घालून आठ वाजता दारात हजर. हात कापायला लागले होते, तुंबा दोन्ही हातांत धरायचे. मोजपात्र धरायला दिलं की सांडायचे. तेच ते किस्से, तेच ते विनोद. गेल्या वर्षी माझ्यानं राहवलं नाही. म्हणजे खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "मास्तर, नव्या मुख्याध्यापिका बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत येऊ देत नाहीत. माझ्यावर बोल येतो हो."

ते तुंबा पीत होते. संपवला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बरं, पोरी."

आमच्याकडे तुंबा परत करताना माणूस "आभारी आहे" म्हणाला, तर त्याला पुरे झालं असं समजायचं. काही न बोलता परत दिला, तर त्याला आणखी हवाय. आणि जो ओततो त्याने, समोरचा आभार मानेपर्यंत, उठायचं नसतं. हे आमच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मास्तर काही म्हणाले नव्हते. मी थर्मासचं झाकण लावलं आणि उठले.

जुलैत ते गेले. घरात एकटेच होते. शेजारणीला चार दिवसांनी कळलं.

३

सोमवारी दुपारी मी चुन्याची निवळी केली होती. सोपं काम, पण निगुतीचं. पाणी उकळून गार करायचं, चुना घालून ढवळायचं, बसू द्यायचं, मग गाळणकागदातून गाळायचं. शिवाय मास्तरांची एक खास पद्धत: एक भाग निवळी, चार भाग पाणी. अशी पातळ केली की पोरांनी नळीने फुंकल्यावर ती आधी दुधाळ होते आणि दम धरून फुंकतच राहिलं तर पुन्हा स्वच्छ होते. दोन्ही गमती एकाच भांड्यात. लिटरभराची बाटली भरली, रबरी बूच घट्ट बसवलं, लेबल लावलं. पाण्यासारखी नितळ होती. मी उजेडात धरून पाहिली होती.

मंगळवारी सकाळी ती दुधाळ झाली होती.

निवळी हवेला उघडी राहिली तर वर साय धरते. पण बाटलीभर, तळापर्यंत दुधाळ व्हायची तर तिच्यात कुणीतरी श्वास सोडावा लागतो. बूच जागच्या जागी होतं. मी उगाच दाराकडे पाहिलं. कुलूप मीच उघडलं होतं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात.

मी स्वतःला समजावलं: बाटली नीट धुतली नसणार, तळाशी सोडा राहिला असणार. तीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती, पण वय होतंच ना. ओतून टाकली. नवी बाटली तीनदा धुतली, नवी निवळी केली, बुचावर मेण लावलं.

बुधवारी मेण तसंच होतं. निवळी दुधाळ होती.

४

निबिया आमच्या शाळेची शिपाईण, मागच्या खोलीत राहते. सुट्टीत शाळेत ती आणि मी, दोघीच. तिला हाक मारली.

"प्रयोगशाळेत गेली होतीस का गं?"

"मी? बाई, मागे मी तिथली फरशी पुसली तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. माझी काय टाप आहे!"

"मग ही अशी कशी झाली?"

तिने बाटलीकडे पाहिलं. "दूध आहे?"

"दूध नाही, चुना आहे."

"मग चुना पांढराच असणार की," ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग मास्तरांच्या स्टुलावर टेकणार तोच मी ओरडले, "तिथे नको!"

का ओरडले, ठाऊक नाही. निबिया उभीच राहिली. तिचं हसू गेलं.

"त्यांची आठवण येते ना?" ती म्हणाली. "मलाही येते. गेल्या मार्चमध्ये रोज यायचे हो. समोर बकाणाच्या झाडाखालच्या बाकावर बसायचे, तुंबा-थर्मास घेऊन. मी म्हटलं, मास्तर, आत या की. तर म्हणाले, नको, झुल्माला अडचण होते."

"झुल्माला? मुख्याध्यापिकांना म्हणाले असतील."

"नाही हो. मुख्याध्यापिकांनाच तर विचारलं होतं त्यांनी, गेटवर. त्या म्हणाल्या, मी कुठे अडवलंय तुम्हाला, खुशाल या. मी तिथेच झाडत होते." निबिया माझ्याकडे बघत होती. "तरी आले नाहीत. त्या खिडकीकडे तोंड करून बसायचे. पाऊस आला तरी उठायचे नाहीत. तुम्हाला दिसले नाहीत कधी?"

दिसले होते. मी पडदा ओढून घेतला होता.

"नाही," मी म्हटलं. निबिया गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि भरपूर रडले, प्रयोगशाळेबाहेर, शिस्तीत.

मग तुंबा धुवायला घेतला. नळीच्या टोकाला, जे तोंडात धरतो त्या टोकाला, पांढरं कडं धरलेलं. आमच्या गावचं पाणी जड आहे, प्रत्येक किटलीत असा थर बसतो. पण तो आत बसतो, ओठांच्या जागी नाही. नळी आत नेऊन त्यावर अ‍ॅसिडचा एक थेंब सोडला. फसफसलं, म्हणजे चुनाच तो. मी नळी खूप वेळ पाण्याखाली धरून ठेवली.

५

गुरुवारी निवळी स्वच्छ होती.

केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! तीच कालची बाटली, मुद्दाम ठेवून दिलेली, आणि आता काचेसारखी नितळ. गाळ खाली बसला असेल, संपलं. मी गाणं गुणगुणत सोड्याचं द्रावण केलं, गुलाबी रंग देणारं फिनॉल्फथॅलिन केलं, दहा बाटल्यांना लेबलं लावली. रोमिनाला फोन करून सांगितलं, उद्या रात्री नऊला पोचतेय, जेवायला थांब.

मग लक्षात आलं की बाटलीच्या तळाशी गाळ नाही.

गाळ खाली बसून नितळ झाली असती, तर तळ पांढरा दिसायला हवा होता. कणभर नव्हता. मी थोडी निवळी बीकरमध्ये घेतली, काचेची नळी बुडवून फुंकलं. फुंकत राहिले. काही झालं नाही. चांगली निवळी चार श्वासांत दुधाळ होते. ही होईना, कारण हिचं दुधाळ होणं होऊन गेलं होतं. कुणीतरी फुंकून दुधाळ केली होती आणि तिथे न थांबता फुंकतच राहिलं होतं, ती परत स्वच्छ होईपर्यंत. लिटरभर. याला किती श्वास लागतात, याचा हिशेब मी करायला घेतला आणि सोडून दिला.

खात्री करायचा एक उपाय असतो. अशी निवळी उकळली की पांढरी पडते. मी बीकर ज्योतीवर ठेवला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन रणरणत होतं, सगळं गाव झोपलं होतं. पाण्यात बुडबुडे आले आणि तळापासून पांढरं वर चढायला लागलं.

भीती वाटली. पण खरं सांगते, भीतीच्या आधी एक विचार आला: तुंबा मिळाला नाही म्हणून बिचारे जे हाती लागलं त्यालाच नळी लावून बसलेत.

असं मनात आलं आणि मग मी ज्योत विझवली.

६

शुक्रवारी घराची किल्ली दिली. बॅग घेऊन शाळेत आले. निबियाला सांगितलं, साडेतीनला टॅक्सी बोलाव, तोवर मला हाक मारू नकोस.

मनाशी ठरवलं होतं. गेल्या वर्षी मी मधेच उठले होते, सोमवारी एक तुंबा देऊन पुन्हा थांबले होते. आता पुरं करायचं. ते 'आभारी आहे' म्हणेपर्यंत ओतायचं, ते म्हणतील, मी जाईन. वेडेपणा आहे हे कळत होतं. पण शहाणपणाचे सगळे उपाय करून झाले होते.

थर्मास भरला. पहिला कडू तुंबा स्वतः प्यायले. दुसरा भरून पलीकडे सरकवला आणि आत जाऊन बाटल्या पुसायला लागले. बाहेरून आवाज आला. तुंबा संपताना नळीत पाणी आणि हवा एकदम येते, त्याची ती घुर्र. तो आवाज झोपेतही ओळखेन. बाहेर आले. तुंबा रिकामा, नळीचं तोंड माझ्याकडे वळवलेलं. बोलणं काही नाही.

पुन्हा भरला. पुन्हा आत गेले. घुर्र. रिकामा. सात झाले, नऊ झाले. मी समोर बसून पाहिलं तर तुंब्यातलं पाणी हलत नव्हतं. पाठ वळवली की संपत होतं. बारावा भरताना थर्मासमधलं पाणी संपलं. तीन वाजले होते.

"मास्तर, पुरे ना हो आता," मी म्हटलं. खोलीत माझाच आवाज मला मोठा वाटला. "मला जायचंय. रोमिनाला बाळ होणारे. तुम्ही तिला मांडीवर घेऊन लेबलं वाचायला शिकवलंत, आठवतं ना?"

मी बारावा तुंबा पलीकडे सरकवला.

"मी खोटं बोलले. मुख्याध्यापिका काही म्हणाल्या नव्हत्या. मला तुमचा कंटाळा आला होता. तुमचे हात कापायचे, ते मला बघवत नव्हतं. माझंही पुढे असंच होणार, असं वाटायचं. तुम्ही बाकावर बसलेले मला दिसायचात. रोज दिसायचात. चुकले मी. म्हणा आता, आणि मला सोडा."

मी आत गेले. टेबलावर पाच लिटरचा गोल फ्लास्क होता, डिस्टिल्ड पाण्याने गळ्यापर्यंत भरलेला. भरलेल्या फ्लास्कमधून पलीकडचं उलटं दिसतं, पोरांना त्याची फार गंमत वाटते. त्याच्यातून मला दारापलीकडची खोली दिसली. छताला टेबल लटकलेलं, दोन स्टुलं लटकलेली. एक माझं, रिकामं. दुसऱ्यावरून राखाडी बाह्यांचे दोन हात खाली आले होते. चेहरा फ्लास्कच्या कडेला वाकडा होऊन विरला होता, तो मी शोधलाही नाही. हात कापत होते. त्या हातांत तुंबा नव्हता. थर्मास होता, आणि ते सावकाश ओतत होते.

७

मी वळले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. पण थर्मास पलीकडे होता, त्यांच्या बाजूला. तुंबा माझ्या स्टुलापुढे, नळीचं तोंड माझ्याकडे. त्यातून वाफ येत होती. टेबलावर दोन थेंब सांडलेले.

थर्मासमध्ये पाणी नव्हतं. मीच शेवटचं ओतलं होतं. हे सगळं मला स्पष्ट कळत होतं, आणि तरी मी स्टुलावर बसले. दोन्ही हातांनी तुंबा उचलला. नारंगीच्या सालीचा वास आला.

कडू नव्हता. जिभेला पोळेल न पोळेल इतका गरम, अगदी मला हवा तसा. तीस वर्षांपूर्वी, कडेवर पोर घेऊन रडत होते, त्या दिवशी होता तसा. त्यानंतर किती जणांना मी ओतून दिलं. मला बसवून भरून दिलेला तुंबा मात्र मास्तरांचाच, त्यांचे हात कापायला लागेपर्यंत. नंतर कुणाचा नाही. रोमिना कॉफी पिते.

"बाई!" गेटवरून निबिया ओरडली. "टॅक्सी आली! चला लवकर, बस चुकेल!"

आता ओतणारी मी नव्हते. उठायला मला मोकळीक होती. तुंबा परत द्यायचा, दोन शब्द म्हणायचे, बॅग उचलायची. मास्तरांनी मला सोडायचा रस्ता काढून दिला होता. एवढं सोपं होतं.

तळाशी आले. घुर्र झाली. खिडकीतून बकाणाखालचा बाक दिसत होता, उन्हात, रिकामा.

"बाई, ऐकू येतंय का? तो मीटर लावून बसलाय हो!"

मी नळीचं तोंड पलीकडे वळवलं, तुंबा दोन्ही हातांनी समोर सरकवला. शब्द ओठांवर तयार होते. रोमिना जेवायला थांबणार होती. पडदे पिवळे होते.

काही न बोलता मी हात मागे घेतले.

समोर पाणी ओतल्याचा आवाज आला.